पाच, स्पष्ट

४ जानेवारी, सोमवार

आज दुकानाची पाटी उतरवली. चार स्क्रूंपैकी तीन मुकाट्याने निघाले, चौथ्याने हट्ट धरला. शेवटी दादा आला, एका पिळात तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "बावीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेस, चिमे. आता रेडिओ ऐकतंय कोण? चल माझ्याकडे."

त्याच्याकडे म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे तीन ट्राइक आहेत. तीन चाकांची उघडी गाडी, वर पतंगासारखा कापडी पंख, पाठीमागे इंजिन आणि त्याला मोठा पंखा. दोन माणसं एकामागे एक बसतात आणि एवढ्याशा सामानावर आभाळात जातात. दादा त्यांची इंजिनं सांभाळतो, दुरुस्तीनंतर स्वतः उडवून बघतो. आता नियम आलाय की एक फेब्रुवारीपासून रेडिओशिवाय कुणी उडायचं नाही. म्हणून तिन्हींना सेट आणि अँटेना बसवायच्या आहेत, आणि ते काम माझं.

वहिनी म्हणाली, "दोघं एका शेडमध्ये? चिमाताई, आधीच सांगून ठेवते, तो कुणाचं ऐकत नाही."

आम्ही तिघंही हसलो. हा आमच्या घरातला जुना विनोद आहे.

७ जानेवारी, गुरुवार

मला तिसऱ्या दिवशी नाव पडलं, रेडिओबाई. ठेवलं मास्तरांनी. ते लाल ट्राइकचे मालक. लाल म्हणून ती लाली. उरलेल्या दोघी धावपट्टीवरच्या क्लबच्या, निळी आणि पिवळी. मास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर उडायला शिकले. म्हणतात, "पोरांना फळ्यावर कोन शिकवले, आता स्वतः कोनात वळतो. चुकलं तर छडी थेट खालून."

आज दादाला काम करताना नीट पाहिलं. प्लग काढून उजेडात धरतो. टोकाला बिस्किटाचा रंग असेल तर बरं, काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी. मग इंजिन सुरू करून एक लांब स्क्रूड्रायव्हर त्याच्या अंगाला टेकवतो आणि ऐकतो. आतलं बेअरिंग बिघडायला लागलं की त्याला सर्वांत आधी कळतं. तो "सुरात आहे" म्हणाला की माणसं हेल्मेट घालतात. तोवर नाही. क्लबचे सेक्रेटरीसुद्धा नाहीत.

लहानपणी मी पाहिलंय, तो स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरायचा. हल्ली दातात धरतो. विचारलं, तर म्हणाला, "दातांना जास्त कळतं." असेल. त्याच्या धंद्यातलं मला काय कळतंय!

११ जानेवारी, सोमवार

लालीवर पहिली अँटेना चढवली. हातभर लांब सळी, पण नुसत्या सळीने भागत नाही. तिच्या पायाशी धातू लागतो, त्याला आम्ही जमीन म्हणतो. लालीचं अंग फायबरचं आणि कापडाचं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या कापून सळीच्या बुडाशी फुलीसारख्या बसवल्या.

"हवेत उडणाऱ्याला जमीन कशाला?" दादाने विचारलं.

"त्यालाच तर लागते," मी म्हटलं.

मग चाचणी. दादा लालीत हेल्मेट घालून, मी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला हातातला सेट घेऊन. विचारायचं, कसं ऐकू येतंय? उत्तर एक ते पाच. एक म्हणजे काही कळत नाही, पाच म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं.

दादा म्हणाला, "दोन. नुसती खरखर."

नंतर मास्तरांनी हेल्मेट घातलं. "पाच, रेडिओबाई! हेल्मेटात शिरून बोलताय जशा काही."

मास्तर भिडस्त माणूस. आणि साठी उलटलेल्या कानांचं काय धरून चालायचं? दादा दोन म्हणाला ना, मग दोनच.

१३ जानेवारी, बुधवार

प्लगच्या ठिणगीची खरखर सेटमध्ये उतरत असणार. चारही प्लगच्या टोप्या बदलून ठिणगीचा आवाज दाबणाऱ्या घातल्या.

दादा म्हणाला, "अडीच."

"अडीच असा आकडाच नाही, दादा."

"मग दोन घाल."

१५ जानेवारी, शुक्रवार

अँटेनाची केबल इंजिनाच्या तारांपासून दूर, दुसऱ्या नळीवरून नेली. प्रत्येक वीतभर अंतरावर बांधली. मीटर लावला, काटा जिथे हवा तिथे. दादा म्हणतो, शब्द फुटतात. मी म्हटलं, मीटर ठीक दाखवतोय. तर म्हणाला, "मीटर उडत नाही, मी उडतो."

हे मात्र खरं.

१९ जानेवारी, मंगळवार

दुसरी सळी, नवीन पट्ट्या, नवा सेट. दोन.

बावीस वर्षं मी काय शिकले? लोकांचे रेडिओ आपोआप बरे होत होते की काय? आज शेडच्या मागे जाऊन थोडी रडले. दादाला दिसू दिलं नाही. त्यानेच मला हे काम शिकायला लावलं. बाबा गेले तेव्हा तो एकोणीसचा, मी अकराची. कॉलेज सोडून तो गॅरेजात लागला आणि मला मात्र रेडिओच्या वर्गाला घातलं. आता त्याच माणसाला माझी अँटेना चांगलं ऐकवू शकत नाही.

संध्याकाळी वर माझ्या खोलीकडे जाताना जिन्यात वहिनी भेटली. ती म्हणाली, "तुझा भाऊ टीव्ही असा लावतो की शेजाऱ्यांनी त्यांचा विकून टाकावा. मी दारात उभी राहून तीन हाका मारल्या, हा पेपरात डोकं घालून. मुद्दाम गं, सगळं मुद्दाम. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझा आवाज कुठे लागतोय आता!"

हसत म्हणाली, पण डोळे काही हसत नव्हते.

२१ जानेवारी, गुरुवार

लाली सुरू असताना मी पट्ट्यांचे नट आवळत होते. इंजिनाच्या घरघरीत मला एक बारीक टिकटिक ऐकू आली, दुसऱ्या खोलीतल्या घड्याळासारखी. दादा स्क्रूड्रायव्हर दातात धरून पलीकडे वाकला होता. मी म्हटलं, "दादा, आत काहीतरी टिकटिकतंय का?"

त्याने वर पाहिलं, मान हलवली. "सुरात आहे."

म्हणजे भास झाला मला. दिवसभर खरखर शोधून शोधून माझे कानच बिघडलेत.

२५ जानेवारी, सोमवार

पाच!

मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. आज सेट बसायच्या जागेच्या कडेवरून काढून समोर, दादाच्या डोळ्यांपुढे बसवला. त्यामुळे केबल फूटभर कमी झाली. एवढ्याशा केबलने पंधरा दिवस छळलं! समोर सेट आल्याने दिसायलाही छान. दुसऱ्या सेटचं बटण दाबलं की त्यावरचा हिरवा दिवा लागतो.

दुसऱ्या टोकावरून विचारलं, कसं ऐकू येतंय? क्षणात उत्तर आलं, "पाच. स्पष्ट." पुन्हा विचारलं. "पाच. स्पष्ट." मी धावपट्टीवरून जवळजवळ पळत आले. मास्तर म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून पाच म्हणतोय, माझे गुण कुणी धरलेच नाहीत."

दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली. किती वर्षांनी.

१ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही सेट समोर बसवले. तिघींना पाच. सेक्रेटरींनी रेडिओच्या वहीत सही केली. शेडमध्ये सगळ्यांना चहा. शनिवारी मास्तर एकटे आपल्या घरावरून चक्कर मारून येणार आहेत. वरून घर ओळखू यावं म्हणून त्यांची बायको गच्चीत पांढरी चादर वाळत घालणार. "ती आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघेल," मास्तर म्हणाले.

२ फेब्रुवारी, मंगळवार

गंमत झाली. निळीची रोजची चाचणी घ्यायला टोकाला गेले, बटण दाबलं आणि घशात धूळ गेली. खोकला आला म्हणून बटण सोडून दिलं. तोंडातून शब्दही निघाला नव्हता. तरी सेटमधून दादाचा आवाज आला, "पाच. स्पष्ट."

न बोलताच पाच! बघा, इतकी सवय झाली त्याला. पाठ केलेल्या पाढ्यासारखं म्हणून मोकळा झाला.

परत येताना हसत होते. अर्ध्या वाटेत हसू थांबलं. का ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज मी एक नीच काम केलं.

टोकाला उभी राहिले. बटण दाबलं आणि म्हटलं, "दादा, उतर. शेडला आग लागलीय."

हिरवा दिवा इतक्या लांबून मला दिसत नाही. पण त्याला दिसला असणार. त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

"पाच. स्पष्ट."

४ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या अँटेनात कधीच काही नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मी एका माणसाचा कान बरा करायला चार वेळा जोडणी बदलली.

आता एकेक आठवतंय. हल्ली तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. मला वाटायचं, वयाबरोबर माया वाढलीय. वहिनीच्या तीन हाका. दातातला स्क्रूड्रायव्हर. आम्ही सगळे "तो ऐकत नाही, ऐकत नाही" म्हणून हसत राहिलो आणि तोही आमच्याबरोबर हसत राहिला. हसणं दिसतं ना, त्याला ऐकू यावं लागत नाही.

आणि ती टिकटिक. तेव्हा त्याला ऐकू आली होती का? पण दातांना कळत असेलच की. आणि लाली रोज उडतेय, काही झालेलं नाही.

सांगू कशी? याचा कान काढून घेतला तर याच्याकडे उरतं काय? आणि सांगायचं ते मी! पहिल्या कमाईत त्याने मला एक मोडका रेडिओ आणून दिला होता, उघडून बघायला. म्हणाला होता, तू ऐक आणि मला सांग आत काय आहे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ठरवून गेले होते. तो लालीचे प्लग पुसत होता. मी शेजारी बसले. म्हटलं, "दादा, एक विचारू?"

त्याने एक प्लग उजेडात धरून मला दाखवला. "बघ, बिस्किट." लहान पोरासारखा खूश होता.

रविवारी सांगते. रविवारी शेड बंद असते, वहिनी घरी असते. दोन दिवसांनी काय फरक पडतोय?

८ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी लिहू शकले नाही. रविवारीही नाही.

शनिवारी सकाळी दादाने लाली चालवून बघितली, "सुरात आहे" म्हणाला. मी तिथेच उभी होते. मला टिकटिक ऐकू आली. या वेळी पंधरा दिवसांपूर्वीपेक्षा मोठी. तरी मी मनात म्हटलं, तो म्हणतोय ना. वर्षानुवर्षांची सवय, अशी एका आठवड्यात जात नाही. मला माहीत होतं की त्याला ऐकू येत नाही, आणि तरी मी माझ्या कानापेक्षा त्याच्या कानावर विश्वास ठेवला. हे जो वाचेल त्याला पटणार नाही. मलाही पटत नाही.

मास्तर सुटले. वरून म्हणाले, "रेडिओबाई, कसं ऐकू येतंय?"

"पाच, मास्तर."

"चादर दिसली! दोन मोठ्या दिसतायत. एक शेजारणीची असेल." मग हसणं. मग, "इंजिन गेलं."

एवढंच. आवाजात घाई नव्हती. म्हणाले, "पंखा थांबला. खाली शेत आहे, उतरतो." मी शब्दन् शब्द ऐकला. वाऱ्याचा आवाज ऐकला. मांजाच्या फिरकीसारखी एक लांब सळसळ ऐकली. शेवटी लाकूड मोडल्यासारखं काहीतरी. मग सळी तुटली असावी, कारण पुढे काही आलं नाही.

दादा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणतायत मास्तर?"

मास्तर जिवंत आहेत. नांगरलेल्या सरीत चाक अडकून लाली उलटली. डाव्या पायाचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालतील, पण पाय वाकणार नाही. म्हणजे ट्राइकमध्ये पुन्हा बसणं नाही.

त्यांच्या घरी निरोप द्यायला मी गेले. बाई गच्चीतच होत्या. दोन चादरी घातल्या होत्या त्यांनी, एक दिसली नाही तर दुसरी असावी म्हणून. मान वर करून बघत होत्या. मी जिना चढून येईपर्यंत त्यांनी खाली पाहिलंच नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात गेले. मास्तरांनी मला बघून बोटं वर केली, पाच. मी रडायला लागले. त्यांना वाटलं गुडघ्यासाठी.

सगळं सांगितलं. दिवा, आग, टिकटिक, रविवार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टिकटिक मलाही ऐकू येत होती, बाई. आठवडाभर. पण तुमचे दादा म्हणाले सुरात आहे, म्हणून मी समजलो, म्हातारपण आलं कानाला."

जायला उठले तेव्हा म्हणाले, "त्यांना माझ्या गुडघ्यासाठी म्हणून सांगू नका. त्यांच्यासाठी सांगा."

११ फेब्रुवारी, गुरुवार

मला सांगावं लागलं नाही.

लालीचं इंजिन शेडमध्ये आणून दादाने उघडलं. आतलं बेअरिंग काढलं, पुसलं, दोन बोटांत धरून हळूच फिरवलं. डोळे मिटून. त्याच्या बोटांना सगळं अजून कळतं. गोळ्यांवर खड्डे पडले होते.

"हे वाजत असणार," तो म्हणाला.

मी त्याच्या समोर गेले, तोंड दिसेल अशी. "वाजत होतं, दादा."

"तुला ऐकू येत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकवीस तारखेला. तू ऐकलं नाहीस."

घरात हजारदा बोललेलं वाक्य. यापूर्वी आम्ही कुणी ते खरं बोललो नव्हतो.

त्याने बेअरिंग फडक्यात गुंडाळलं, पुन्हा उघडलं, पुन्हा गुंडाळलं. म्हणाला, "दोन वर्षं झाली. आधी पक्षी गेले. मग तुझ्या वहिनीचा आवाज गेला, बारीक आहे ना तिचा. तुझा सर्वांत शेवटी." मग म्हणाला, "इंजिन दाताने कळत होतं गं. शप्पथ कळत होतं. हेच एक कळलं नाही."

मी म्हटलं, चूक माझीही आहे, मला आधीच्या बुधवारीच कळलं होतं. माझ्या ओठांवरून त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. मी पुन्हा म्हणाले नाही. भ्याड आहे मी.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा स्वतः सेक्रेटरींकडे गेला. मला बरोबर नेलं, ते काय बोलतात ते सांगायला. परत येताना मास्तरांना भेटला. मला बाहेर बसायला सांगितलं. आत कोण काय बोललं आणि कोणाला किती कळलं, देव जाणे. बाहेर आला तेव्हा मास्तरांची काठी त्याच्या हातात होती. तिच्या टोकाचं रबर सैल होतं, ते घट्ट करून परत द्यायची होती.

वहिनीलाही आज सगळं कळलं. संध्याकाळी त्याच्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, "सत्तावीस वर्षांनी मला वाटलं, मी नकोशी झाले." तो म्हणाला, "काय?" तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. मी वर निघून आले.

२० फेब्रुवारी, शनिवार

आता शेडमध्ये मी ऐकते. स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाशी, त्याचं बोट इंजिनावर, कुठे टेकवायचं ते दाखवायला. "काय आहे आत, सांग." मी सांगते, घरघर आहे, मागे हलकी शिट्टी आहे. तो म्हणतो, शिट्टी चालेल. अजून "सुरात आहे" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. क्लबने दुसरा माणूस बघितलाय, पुढच्या महिन्यात येईल.

आज सामान आवरताना दादा एकदम म्हणाला, "चल, एकदा नीट चाचणी घेऊ. वहीत खरं पडू दे."

तो निळीत बसला. हेल्मेट घातलं. इंजिन बंद. खिशातून काळी चिकटपट्टी काढली, तुकडा तोडला आणि सेटवरच्या हिरव्या दिव्यावर चिकटवला. अंगठ्याने दाबून. मग मला जा म्हणून खूण केली आणि माझ्याकडे पाठ होईल असं तोंड फिरवून बसला.

मी टोकाला गेले. बटण दाबलं. "दादा, कसं ऐकू येतंय?"

काही नाही.

"दादा, कसं ऐकू येतंय?"

वारा. निळीचा पंख थोडा हलला. त्याचं हेल्मेट सरळ समोर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं.

तिसऱ्यांदा विचारलं. आवाज सरळ राहिला नाही. बटण सोडलं आणि थांबले. बऱ्याच वेळाने सेट खरखरला आणि त्याचा आवाज आला, अगदी माझ्या कानाशी, शेजारी बसून बोलल्यासारखा.

"चिमे, विचारलंस का गं?"

परत येऊन वही उघडली. तो खांद्यावरून बघत होता, म्हणून अक्षर चांगलं काढलं. तारीख. ट्राइक निळी. ऐकणाऱ्याचा आकडा, एक. शेरा, अँटेनात दोष नाही.